साताऱ्यात बसून हिमालयातल्या गोठलेल्या जमिनीचा अभ्यास कसा सुरू करायचा

माझं आजोळ हरिपूर, सांगलीच्या अगदी जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथली हळदीची पेवं तुम्हाला माहीत असतील, जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. २००५च्या महापुरात त्यातली बरीच गेली. आजोबा सांगायचे की पेवाला ना उन्हाळा कळतो ना थंडी, वर मे महिना तापत असू दे नाहीतर डिसेंबरची पहाट असू दे, आत हळद आपली एकाच गारव्यात पडून असते. मी भूगोल शिकायला लागले, पुढं लडाखला दोन-तीनदा जाऊन आले, तेव्हा कळलं की आजोबांनी मला पर्माफ्रॉस्टचा, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीचा, निम्मा धडा तेव्हाच दिलेला. जमिनीत खाली जाल तसा ऋतूंचा चढउतार मरत जातो आणि उरते ती त्या जागेची वर्षाची सरासरी. सांगलीत ती सरासरी शून्याच्या कितीतरी वर आहे, आणि जिथं तीच सरासरी शून्याच्या खाली जाते तिथं पर्माफ्रॉस्ट.

हे लिहायचं कारण असं की कॉलेजातली पोरं-पोरी सारखी विचारतात, मॅडम आम्हाला हिमालयातल्या हवामान बदलावर काम करायचंय पण आम्ही साताऱ्यात, मग कसं करायचं. तर कसं करायचं ते सांगते, मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते पण सांगते.

आधी व्याख्या नीट डोक्यात बसवा कारण इथंच बहुतेक जण घसरतात. जमीन म्हणजे माती, खडक, दगडगोटे, त्यातला बर्फ, सगळं धरून, जर सलग किमान दोन वर्षं शून्य अंश किंवा त्याखाली राहिली तर ती पर्माफ्रॉस्ट. बस. व्याख्येत बर्फ असलाच पाहिजे असं कुठंही नाही. अख्खा कोरडा कातळ, आत थेंबभर पाणी नाही, तरी तो उणे दोन अंशावर वर्षानुवर्षं असेल तर तो पर्माफ्रॉस्टच. आणि उलट, दरवर्षी थंडीत महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला दवबिंदू गोठतात, पेपरात पांढऱ्या शेतांचे फोटो येतात, गाड्यांच्या टपावर बर्फाचा थर दिसतो, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. तिथं गवताच्या पात्यावरचं दव गोठतं, चार बोटं खाली मातीत हात घाला, ती आरामात दहा-पंधरा अंशावर असते. म्हणजे ही वस्तू डोळ्याला दिसत नाही, थर्मामीटरलाच दिसते. हिमनदीचा फोटो काढता येतो, उपग्रहातून ती किती मागं हटली ते मोजता येतं. पर्माफ्रॉस्टचं तसं नाही, तो वाळूदगडाखाली झाकलेला, त्याच्यावरून तुम्ही चालत गेलात तरी कळणार नाही. म्हणून आपल्याकडं हिमनद्यांवर ढिगानं काम झालं आणि यावर फार कमी. खरं तर हिंदुकुश-हिमालयाच्या बहुतेक देशांत पर्माफ्रॉस्टचं क्षेत्र हिमनद्यांपेक्षा जास्त आहे.

दुसरा शब्द ॲक्टिव्ह लेयर. वरचा थर, जो उन्हाळ्यात वितळतो आणि थंडीत परत गोठतो. हा थर दरवर्षी किती खोल जातो त्यावर सगळं लक्ष ठेवायचं असतं.

याची काळजी का करायची

बातम्यांमध्ये पर्माफ्रॉस्ट म्हटलं की मिथेन, कार्बनचा बॉम्ब वगैरे येतं. ते आर्क्टिकचं, सायबेरियाचं. तिकडं गोठलेल्या मातीत हजारो वर्षांचा पालापाचोळा अडकलाय. आपल्या उंच हिमालयातल्या उतारांवर झाडंच नाहीत, माती पातळ, त्यात कार्बन तो किती असणार. इथला प्रश्न उतारांचा आणि पाण्याचा आहे. खडकाच्या भेगांमधला बर्फ सिमेंटसारखं काम करतो, तो शून्याच्या जवळ आला की वितळायच्या आधीच कमजोर होतो, आणि मग कडा सुटतो.

२२ जुलै २०२१च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. डोंगर खाली येतो म्हणजे काय हे साताऱ्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडं उतार पाण्यानं सुटतो, तिकडं बर्फ गेल्यानं पण सुटतो. सिक्कीममध्ये ३ ऑक्टोबर २०२३च्या रात्री दक्षिण ल्होनाक तलावाच्या कडेचा गोठलेला मोरेन, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेला दगडमातीचा बांध, तलावात कोसळला. जवळपास १.४७ कोटी घनमीटर माल होता तो. त्यानं पाण्याची लाट उसळून तलाव फुटला आणि खाली चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं. त्याआधी ७ फेब्रुवारी २०२१ला चमोलीत रोंती शिखराचा साधारण २.७ कोटी घनमीटरचा खडक-बर्फाचा तुकडा तुटला, २००हून जास्त माणसं गेली. अशा एकेका घटनेला एकच कारण चिकटवायचं नसतं, उतार, भेगा, पाऊस, हिमनदी सगळं मिळून होतं, पण त्या उंचीवरची जमीन आत किती अंशावर आहे याचे आकडेच हातात नसतील तर आपण नुसता अंदाज करत बसणार. तो आकडा आणणं हे आपलं काम.

पहिलं काम घरच्या शेतात

लडाखचं तिकीट काढू नका एवढ्यात. आधी स्वतःच्या रानात एक खड्डा घ्या. मी अण्णांच्या माणमधल्या शेतात घेतला होता, मीटरभर खोल. बाजारात डीएस१८बी२० नावाचा वॉटरप्रूफ सेन्सर मिळतो, स्वस्त असतो, असे पाच घ्यायचे आणि ५, १०, २०, ५० आणि १०० सेंटीमीटरवर लावायचे. सगळे एकाच वायरवर चालतात, मध्ये ४.७ किलोओमचा रेझिस्टर टाकायचा आणि आर्डुइनो किंवा ईएसपी३२ बोर्डाला जोडायचं, मेमरी कार्डवर दर पंधरा मिनिटांनी नोंद. इलेक्ट्रॉनिक्स येत नसेल तर आयटीआयचा एखादा मित्र पकडा, एका संध्याकाळचं काम आहे. सेन्सर खड्ड्याच्या भिंतीत आडवा खुपसायचा, हे महत्त्वाचं, खड्ड्याच्या मधोमध लोंबकळत ठेवून वरून माती ढकललीत तर तुम्ही उकरलेल्या भुसभुशीत मातीचं तापमान मोजणार, जमिनीचं नाही. माती काढताना थर वेगवेगळे ठेवा आणि त्याच क्रमानं परत भरा, पायानं दाबून.

आणि लावायच्या आधी बर्फात तपासून घ्या. हे टाळू नका, पाया पडून सांगते. या सेन्सरवर अर्धा अंश मागंपुढं चूक असू शकते असं कंपनीच लिहिते. आपल्या उसाच्या शेतात अर्ध्या अंशानं काही बिघडत नाही, पण पर्माफ्रॉस्टमध्ये सगळा खेळ शून्याच्या आसपास असतो, अधिक ०.२ आणि उणे ०.३ मध्ये आहे आणि नाही इतका फरक आहे. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणू शकता पण मी घरीच उकळून गार केलेल्या पाण्याचा, जमलं तर डिस्टिल्ड पाण्याचा, बर्फ करते कारण पाण्यात क्षार असले की ते शून्याच्या खाली गोठतं. बर्फ चांगला बारीक कुटायचा, थर्मासमध्ये भरायचा, भेगा भरतील इतकंच गार पाणी घालायचं, सगळे सेन्सर एकत्र रबरबँडनं बांधून मधोमध सोडायचे आणि अर्धा तास हलवत राहायचं. बर्फ आणि पाणी एकत्र आहे तोवर तिथं शून्यच असतं. कुठला सेन्सर ०.३ दाखवतोय, कुठला उणे ०.२, ते लिहून ठेवा, सेन्सरच्या वायरवर नंबर टाका, पुढं सगळ्या नोंदीतून तेवढं वजा-अधिक करायचं. परत आल्यावर पुन्हा एकदा बर्फात बुडवून बघायचं, वर्षभरात सेन्सर सरकला असेल तर तेव्हा कळतं.

आता आठवडाभरानं ग्राफ काढा, एक्सेलमध्ये निघतो. ५ सेंटीमीटरवर दुपारी दोन-तीनला कमाल, २० सेंटीमीटरवर तीच कमाल रात्री सात-आठच्या सुमाराला येते, आणि ५० वर दिवस-रात्र जवळपास कळतच नाही. मातीत दिवसाची लाट साधारण १०-१५ सेंटीमीटरला घटून एक तृतीयांशावर येते, वर्षाची लाट तेवढंच घटायला दोन ते तीन मीटर खाली जाते, आणि त्या खोलीवर ती जवळजवळ दोन महिने उशिरा पोचते. दहा-पंधरा मीटरच्या खाली ऋतू संपले. हे आजोबांचं पेव. लडाखच्या बोअरहोलमध्ये पण हेच गणित चालतं, फक्त आकडे शून्याच्या आसपासचे आणि मध्ये बर्फ.

अजून एक प्रयोग करा, मला याच्यानं सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. शेजारी दुसरा एक सेन्सर १० सेंटीमीटरवर लावा आणि त्याच्यावर उसाचं पाचट टाका, गुडघाभर जाड. डिसेंबर-जानेवारीत रात्री मोकळं रान गारठतं आणि पाचटाखाली ऊब राहते, मार्च-एप्रिलमध्ये उलटं, पाचटाखाली गार. हिमालयात पाचटाच्या जागी बर्फ समजा. थंडीच्या सुरुवातीलाच जाड बर्फ पडला तर जमिनीतली उन्हाळ्याची ऊब आत कोंडून राहते आणि जमीन कमी गोठते. बर्फ उशिरा आला किंवा पातळ पडला तर थंडी सरळ आत जाते. म्हणजे बर्फ जास्त पडला की जमीन जास्त थंड, असं जे आपल्याला वाटतं ते चुकीचं आहे, बर्फ कधी पडला, किती जाड पडला आणि उन्हाळ्यात किती दिवस टिकला, तिन्ही गोष्टी बघाव्या लागतात. हवा किती तापली यावरून जमीन तेवढीच तापली असं गृहीत धरणारे रिपोर्ट मी वाचलेत आणि ते वाचून वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्यानं एकदा पाचटाखाली हात घालून बघितलं असतं तरी कळलं असतं.

पावसाळ्यात पहिली मोठी सर आली की २० आणि ५० सेंटीमीटरचे आकडे अचानक उडी मारतील. पाणी उष्णता घेऊन खाली उतरतं. तिकडं बर्फ वितळलेलं पाणी भेगांमधून आत जाताना हेच करतं आणि खडकाच्या आतला बर्फ नुसत्या वरच्या उन्हापेक्षा फार लवकर तापवतं.

दुसरं काम कॉम्प्युटरवर

जागा निवडायची. आपल्याकडं महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास, हे आपण जन्मापासून बघतो. लडाख हा हिमालयाचा माण-खटाव समजा, डोंगराच्या मागं, लेहला वर्षाकाठी १०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून. बर्फाची गोधडी पातळ, ऊन कडक, रात्र मोकळी. त्यामुळं तिथला पर्माफ्रॉस्ट आल्प्सपेक्षा वेगळा वागतो आणि आल्प्ससाठी बसवलेले ठोकताळे तिथं जसेच्या तसे चालत नाहीत. उदाहरणार्थ आल्प्समध्ये १९७०च्या दशकापासून एक पद्धत आहे, थंडीच्या शेवटी बर्फात सळी खुपसून तळाचं तापमान मोजायचं, उणे ३च्या खाली असेल तर पर्माफ्रॉस्ट असण्याची शक्यता भरपूर, उणे २च्या वर असेल तर बहुतेक नाही. पद्धत छान आहे पण तिला ८० सेंटीमीटर ते मीटरभर बर्फ लागतो, लडाखच्या बऱ्याच उतारांवर तेवढा साठतच नाही.

अंदाजाचं साधं गणित असं. समजा ३,५०० मीटरवर वर्षाची सरासरी हवा ६ अंश आहे. दर किलोमीटरला साडेसहा अंश उतरतं असं धरलं तर शून्य अंश साधारण ४,४०० मीटरला येईल, उणे ३ साधारण ४,९०० ला. ही फक्त सुरुवात. दक्षिणेकडं तोंड असलेला उतार दिवसभर ऊन खातो, तिथं पर्माफ्रॉस्टची हद्द कितीतरी शे मीटर वर सरकते, उत्तरेकडच्या सावलीत ती खाली येते. मोठमोठ्या दगडांची रास असेल तर थंड जड हवा दगडांच्या फटीतून खाली जाऊन बसते, तिथं जमीन आजूबाजूच्यापेक्षा चांगली गार राहते. युरोपच्या कोपर्निकस उपक्रमाचा ३० मीटरचा उंचीचा नकाशा फुकट आहे, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात उतार, दिशा आणि उंची काढा. हवेचे आकडे ईआरए५-लँड नावाच्या जागतिक डेटासेटमधून १९५०पासूनचे मिळतात, जाळीचा एकेक चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, एका चौकोनात अख्खा डोंगर आणि दरी दोन्ही येतात, म्हणून ते तसेच वापरू नका, उंचीप्रमाणं दुरुस्त करा. जगाचा पर्माफ्रॉस्ट झोनेशन इंडेक्सचा, म्हणजे कुठं पर्माफ्रॉस्ट असण्याची शक्यता किती ते दाखवणारा, नकाशा पण आहे, गूगल अर्थवर टाकून बघता येतो.

मग रॉक ग्लेशियर शोधा. हा भाग मला फार आवडतो आणि याला एक पैसा लागत नाही. रॉक ग्लेशियर म्हणजे दगड आणि बर्फाचं मिश्रण, उतारावरून वर्षाला काही सेंटीमीटर ते काही मीटर सरकणारं. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक ओतल्यावर तो पुढं सरकताना त्याच्यावर सुरकुत्या पडतात, गूगल अर्थमध्ये वरून बघितलं की अगदी तसं दिसतं, जिभेसारखा आकार, आडव्या वळ्या आणि पुढं एकदम उभी कड. कड उभी, ताज्या रंगाची आणि त्यावर काही उगवलेलं नसेल तर आत बर्फ असण्याची शक्यता मोठी, पोट खपाटीला गेलेलं आणि गवत आलेलं असेल तर तो मेलेला, बर्फ केव्हाच गेला. २०१५मध्ये हिंदुकुश-हिमालयातले पर्माफ्रॉस्टचे नकाशे बरोबर आहेत का हे बघायला संशोधकांनी नेमकं हेच केलं होतं, गूगल अर्थवर रॉक ग्लेशियर मोजले, आणि ते जागेप्रमाणं ३,५०० ते ५,५०० मीटरच्या दरम्यान सापडले. एकच खोरं घ्या, सगळे रॉक ग्लेशियर आखा, प्रत्येकाच्या पायथ्याची उंची आणि दिशा लिहा. मग तेच काम मैत्रिणीला तुमचं न दाखवता करायला सांगा आणि दोघींचं किती जुळतं ते बघा. पहिल्यांदा फार कमी जुळेल. तो फरक रिपोर्टमध्ये लिहायचा, लपवायचा नाही.

वर जाताना

लेहला विमानानं उतरलात की ३,२०० मीटरच्या वर असता. दोन-तीन दिवस काहीही करू नका, खरंच काहीही, नुसतं गरम पाणी प्या आणि झोपा. नंतर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली तर तिथंच थांबायचं, वाढलं तर खाली उतरायचं, औषध जाण्याआधीच डॉक्टरला विचारून घ्यायचं. आमच्यातला एकजण रोज अजिंक्यतारा पळत चढायचा, त्याला वाटलं आपल्याला काही होत नाही, दुसऱ्याच दिवशी त्याला त्रास झाला. फिटनेसचा आणि उंची लागण्याचा संबंध नाही.

परवानग्या आधी. सीमेजवळच्या भागात परमिट लागतं का ते आधी विचारून घ्या, अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाची परवानगी, ड्रोन आणि सॅटेलाईट फोन परवानगीशिवाय न्यायचाच नाही. आणि कागदावरची परवानगी असली तरी गावच्या गोबाला, म्हणजे गावप्रमुखाला, भेटल्याशिवाय कुदळ मारू नका. म्हाताऱ्या माणसांना आणि रस्त्यावर काम करणाऱ्यांना विचारा की खांब रोवताना, खोदताना कुठं बर्फ लागला, पूर्वी कुठल्या झऱ्याला कधी पाणी यायचं. मला एका आजींनी दाखवलेली जागा नकाशानं दाखवलेल्या तीन जागांपेक्षा खरी निघाली.

लॉगर, म्हणजे आपोआप तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र, कुठला घ्यायचा? बरेच जण आयबटन वापरतात, बटणाच्या सेलएवढा असतो. यात मी एक वर्ष घालवलंय म्हणून सविस्तर सांगते. बारीक रिझोल्यूशनला त्यात ४,०९६ नोंदी मावतात. मी दर दोन तासांनी नोंद लावली, छान बारीक डेटा मिळेल म्हणून. गुणाकार करा, ३४१ दिवस होतात. वर्ष पुरं व्हायच्या आधी मेमरी भरली आणि नेमके ऑगस्टचे, सगळ्यात गरम, दिवस राहिले. वर्षाची सरासरी काढताच येईना. दर तीन तासांनी लावा, ५१२ दिवस पुरतात, दुसऱ्या वर्षी जायला महिनाभर उशीर झाला तरी चालतं.

जमिनीत १० सेंटीमीटर खोल पुरायचा, उघडा ठेवला तर ऊन मोजत बसेल. पाणी शिरू नये म्हणून नीट सील करा, यातले बरेच पाण्यानंच मरतात. एका जागी एक कधीच लावू नका, १० बाय १० मीटरच्या तुकड्यात पण दगडाआड आणि दगडापुढं अंश-दीड अंशाचा फरक सहज निघतो, किमान चार-पाच पसरून लावा. एकच खोरं घेऊन खालून वर, उत्तर आणि दक्षिण दोन्ही उतारांवर, अशी रांग करा. लेहच्या वरच्या गंगलास खोऱ्यात रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या लोकांनी ४,७०० ते ५,६०० मीटरमध्ये असेच लॉगर लावले होते, २०२०ला तो पेपर आला, काम सुरू करायच्या आधी तो नक्की वाचा. लाल झेंडे-बिंडे लावू नका, कुणीतरी उत्सुकतेनं उकरतं. जीपीएस बिंदू घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा, एका ओळखता येईल अशा मोठ्या दगडापासून पावलं मोजून वहीत लिहा. वहीतच, मोबाईल थंडीत बंद पडतो.

आकडे कसे वाचायचे

वर्षानं परत गेलात, लॉगर सापडले, सगळे नाही सापडणार. आधी रोजची सरासरी काढा आणि नुसता ग्राफ बघत बसा, घाईनं फॉर्म्युले लावू नका. थंडीत रेषा एकदम सपाट झाली, दिवस-रात्रीचा फरक गेला, म्हणजे वर बर्फ आहे. वसंतात रेषा शून्यावर येऊन चिकटली आणि दिवसेंदिवस तिथंच राहिली, तर तो झिरो कर्टन, बर्फ वितळतोय. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, ती सगळी उष्णता वितळण्यातच जाते आणि तापमान हलत नाही. बर्फ संपला की रेषा एका दिवसात उसळते, ती तारीख लिहून ठेवा.

मग बरोबर ३६५ दिवसांची सरासरी. ती शून्याच्या खाली असेल तर खाली पर्माफ्रॉस्ट असण्याची शक्यता आहे एवढंच म्हणा, सिद्ध झालं म्हणू नका, वरच्या १० सेंटीमीटरवरून खालचं दहा मीटर सिद्ध होत नाही. आणि एका वर्षावरून हवामान बदल तर अजिबात नाही.

खोल बघायचं असेल तर रेझिस्टिव्हिटी. आपल्याकडं बोअर मारायच्या आधी पाणी बघायला जे मशीन लावतात तेच तत्त्व, जमिनीत करंट सोडायचा आणि विरोध मोजायचा. ओली जमीन कमी विरोध, बर्फ प्रचंड विरोध. अडचण अशी की कोरडा खडक आणि दगडांमधली हवा पण प्रचंड विरोध दाखवते. म्हणून जोडीला सिस्मिक घेतात, हातोडा मारून लाट किती वेगानं जाते बघायचं, हवेत सेकंदाला ३३० मीटर, पाण्यात १,५००, बर्फात साधारण ३,५००, मग गोंधळ सुटतो. दगडांच्या राशीत इलेक्ट्रोडला पकड मिळत नाही, मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज लावायचा. हे मशीन एकट्यानं घ्यायच्या भानगडीत पडू नका, डेहराडूनची हिमालयाच्या भूविज्ञानाची वाडिया संस्था, गोव्याचं एनसीपीओआर हे ध्रुवीय आणि समुद्री संशोधनाचं केंद्र अशा ठिकाणच्या लोकांना तुमचा वर्षभराचा स्वच्छ डेटा दाखवा, सोबत काम करायची वाट तिथून निघते.

हवामान बदलाचं म्हणाल तर त्याला लांब नोंदी लागतात. स्वित्झर्लंडमध्ये मुर्तेल-कॉर्वाच नावाच्या रॉक ग्लेशियरमध्ये १९८७ला बोअर मारून तापमान मोजायला सुरुवात केली, ती आजपर्यंत चालू आहे, आणि एवढ्या वर्षांची मालिका आहे म्हणून तिथं ठामपणे बोलता येतं. जगभरच्या बोअरहोलचा हिशोब केला तर २००७ ते २०१६ या काळात पर्माफ्रॉस्ट सरासरी ०.२९ अंश तापला, डोंगरांमधला ०.१९. आता हा ०.१९ बघून कुणी म्हणेल डोंगरात कमी झालं, बरं झालं. इथं परत तो बर्फाचा थर्मास आठवा. बर्फ आहे तोवर आकडा शून्यावरच. ज्या जमिनीत भरपूर बर्फ आहे आणि जी उणे ०.३ला पोचलीय ती वर्षानुवर्षं तिथंच अडकून राहील, ग्राफ सपाट दिसेल आणि आत बर्फाचं पाणी होत असेल. त्या सपाट रेषेवरून सगळं ठीक आहे असं लिहिणं ही या विषयातली सगळ्यात महाग चूक. अशा वेळी तापमान सोडून बाकीच्या गोष्टी बघायच्या, दरवर्षी त्याच रेषेवर रेझिस्टिव्हिटी घेतली तर ती उतरताना दिसते, ॲक्टिव्ह लेयर खोल जातो, रॉक ग्लेशियरचा वेग बदलतो. सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडारचे फोटो २०१४पासून फुकट आहेत, सेंटीमीटरमधली हालचाल त्यातून निघते, साताऱ्यात बसून होतं, फक्त शिकायला सहा महिने द्या.

तिकडं लॉगर ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला लावतात, ॲक्टिव्ह लेयर तेव्हा सगळ्यात खोल वितळलेला असतो आणि खणायला सोपं जातं. त्या हिशोबानं यंदा शेतातला खड्डा, पुढच्या वर्षी लडाख, त्याच्या पुढच्या वर्षी पहिला डेटा आणि व्याख्येतली दोन वर्षं पुरी व्हायला अजून एक. गोबाला पहिल्याच भेटीत हे सांगून टाका की मी परत येणार आहे, आणि आल्यावर त्याला ग्राफ दाखवा, त्यांच्याच डोंगराचा आहे. शेतातला खड्डा मात्र मे महिन्यात घेऊ नका, माणची जमीन तेव्हा पहारीला दाद देत नाही, वळवाच्या दोन सरी होऊ द्या.